युद्ध कोणाचे, शांतता कोणाची? मार्क्सवादी विचारातील शतकभराचा पेच

युद्ध चांगले की वाईट, असा प्रश्न मार्क्सवादाने त्या स्वरूपात कधी विचारलाच नाही. युद्ध कोणते सरकार पुकारते, कोणत्या वर्गाच्या हितासाठी पुकारते आणि शेवटी त्यातून कोणाच्या पदरात काय पडते, हा त्याचा मूळ प्रश्न. त्यामुळे सर्वच युद्धांना नकार देणारा शांततावादी आणि स्वदेशाच्या प्रत्येक युद्धाला पाठिंबा देणारा राष्ट्रवादी, या दोघांपासूनही मार्क्सवादी वेगळा पडतो. एखादे युद्ध त्याला न्याय्य वाटू शकते, तर एखादी शांतता अन्यायकारक.

कागदावर ही भूमिका सुबक दिसते. प्रत्यक्षात तोफा धडाडू लागल्या की प्रश्न तोच राहतो, पण उत्तर देणाऱ्यांत फूट पडते. १९१४ मध्ये बर्लिनमध्ये, १९१८ मध्ये पेट्रोग्राडमध्ये आणि १९४२ मध्ये मुंबईत हेच घडले. तिन्ही ठिकाणी एकाच ग्रंथपरंपरेचा आधार घेऊन परस्परविरुद्ध निर्णय मांडले गेले आणि त्यांचे परिणाम पक्षांना पुढे कित्येक वर्षे भोगावे लागले. युद्ध, शांतता आणि क्रांती यांच्या नात्याविषयीची मार्क्सवादी मांडणी समजून घ्यायची, तर तिच्या सूत्रांपेक्षा या कसोटीच्या प्रसंगांकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

मार्क्स-एंगल्स : प्रत्येक युद्धाचा स्वतंत्र हिशेब

कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स यांनी युद्धाचा एकसंध सिद्धांत लिहून ठेवला नाही. समोर आलेल्या प्रत्येक युद्धाचा त्यांनी स्वतंत्र हिशेब मांडला. १८५७ च्या उठावाविषयी ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये लिहिताना, हे निव्वळ शिपायांचे बंड नसून राष्ट्रीय उठाव आहे, असे मत मार्क्सने नोंदविले. अमेरिकेतील यादवी युद्धात त्याने गुलामगिरीविरोधी उत्तरेची बाजू घेतली. लंडनमध्ये २८ सप्टेंबर १८६४ रोजी स्थापन झालेल्या पहिल्या इंटरनॅशनलतर्फे अब्राहम लिंकन यांना फेरनिवडीबद्दल जे अभिनंदनपत्र गेले, त्याचा मसुदा मार्क्सचाच होता.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाचे. जुलैमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा इंटरनॅशनलच्या पहिल्या निवेदनात मार्क्सने जर्मनीच्या बाजूने हे बचावाचे युद्ध असल्याचे म्हटले, पण ते फ्रेंच जनतेविरुद्ध वळू देऊ नका, असा इशाराही दिला. सेदानच्या लढाईत नेपोलियन तिसरा शरण आला आणि बिस्मार्कची नजर आल्सेस-लॉरेनकडे वळली, तेव्हा ९ सप्टेंबरच्या दुसऱ्या निवेदनात मार्क्सने भूमिका बदलली. बचाव संपला होता आणि प्रदेश बळकावणे सुरू झाले होते. हा लचका तोडल्यास फ्रान्स रशियाच्या गोटात ढकलला जाईल, असे भाकीत त्याने वर्तविले आणि पुढील पंचवीस वर्षांत ते खरे ठरले. युद्ध तेच, सैन्ये तीच. मात्र दीड-दोन महिन्यांत त्याचे स्वरूप पालटू शकते, हा या दोन निवेदनांचा धडा होय.

त्याच युद्धातून १८ मार्च १८७१ रोजी पॅरिस कम्यून उभे राहिले आणि अवघ्या ७२ दिवसांत ते रक्तात बुडविले गेले. पराभूत देशात क्रांती होऊ शकते आणि कालपर्यंतचे शत्रू ती चिरडण्यासाठी हातमिळवणी करू शकतात, हे दोन्ही कम्यूनने दाखवून दिले. लष्करी विषयांच्या जाणकारीमुळे मित्रमंडळीत ‘जनरल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एंगल्सने १८८७ मध्ये आगामी युद्धाचे विदारक चित्र रेखाटले. ऐंशी लाख ते एक कोटी सैनिक त्यात एकमेकांचा संहार करतील आणि राजमुकुट रस्त्यावर लोळतील, असा त्याचा अंदाज होता. सत्तावीस वर्षांनी तो दुर्दैवाने अचूक ठरला.

श्टुटगार्ट ते बाझेल : ठरावांचे दिवस

१८८९ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या दुसऱ्या इंटरनॅशनलला या धोक्याची जाणीव होती. ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे तिचे अधिवेशन भरले. मुंबईत जन्मलेल्या मादाम भिकाजी कामा यांनी याच अधिवेशनात २२ ऑगस्ट रोजी भारताचा ध्वज फडकविला. ही घटना आपल्याकडे शालेय पुस्तकांतूनही सांगितली जाते. तथापि त्या सभागृहात तेव्हा कोणता वाद रंगला होता, हे सहसा सांगितले जात नाही.

समाजवादी राजवटीतही वसाहती राखणे तत्त्वतः त्याज्य मानू नये, असा सूर असलेला एक मसुदा तेथे मांडला गेला होता. तो १२७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळला गेला. युरोपातील संघटित समाजवाद्यांपैकी जवळजवळ निम्म्या मतांना वसाहतवाद पूर्णपणे त्याज्य वाटत नव्हता, असा याचा अर्थ. वसाहती आणि युद्ध हे एकमेकांत गुंतलेले प्रश्न असल्याने या मतविभागणीत पुढच्या संकटाची चाहूल होती.

युद्धाविषयीचा ठराव मात्र कडक झाला. रोझा लक्झेम्बुर्ग, लेनिन आणि मार्तोव यांनी सुचविलेल्या दुरुस्तीमुळे त्यात एक महत्त्वाचे कलम आले. युद्ध टाळण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत. तरीही ते भडकलेच, तर त्यातून उद्भवणाऱ्या संकटाचा उपयोग भांडवलशाहीची सत्ता लवकर उलथविण्यासाठी करावा, असा त्याचा आशय. नोव्हेंबर १९१२ मध्ये बाझेलच्या कॅथेड्रलमध्ये घंटानादाच्या साथीने भरलेल्या विशेष अधिवेशनात त्याचाच पुनरुच्चार झाला. पुढचे अधिवेशन ऑगस्ट १९१४ मध्ये व्हिएन्नाला व्हायचे होते. ते कधी भरलेच नाही.

४ ऑगस्ट १९१४ : एका मताची किंमत

फ्रान्सचे समाजवादी नेते आणि युद्धाचे कडवे विरोधक जाँ जोरेस यांची ३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसच्या एका कॅफेत हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट रोजी, जर्मन संसदेत युद्धखर्चाच्या मंजुरीचा प्रस्ताव आला. सोशल डेमोक्रॅटिक पक्ष तेव्हा संसदेतील सर्वांत मोठा पक्ष होता. १९१२ च्या निवडणुकीत त्याला ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या होत्या आणि त्याची सदस्यसंख्या दहा लाखांवर होती. आदल्या दिवशीच्या अंतर्गत बैठकीत ७८ विरुद्ध १४ मतांनी प्रस्तावाला पाठिंबा देण्याचे ठरले आणि पक्षशिस्तीपोटी त्या चौदा जणांनीही सभागृहात बाजूने मत दिले. खुद्द विरोधात असलेल्या हुगो हासे यांच्यावरच पाठिंब्याचे निवेदन वाचण्याची वेळ आली.

पाठिंब्याचे समर्थनही मार्क्सवादाच्याच भाषेत केले गेले, ही यातली खरी मेख. झारशाही रशिया हा युरोपीय प्रतिगामित्वाचा बालेकिल्ला, त्याच्याविरुद्ध जर्मनीचा बचाव म्हणजे कामगार चळवळीचा बचाव, असा युक्तिवाद होता. १८७० मधील मार्क्सचे पहिले निवेदन आठवले गेले; दुसऱ्याचा विसर पडला. त्या वर्षी ऑगस्ट बेबेल आणि विल्हेल्म लीबक्नेख्त यांनी युद्धखर्चाच्या मतदानात तटस्थ राहून पुढे तुरुंग पत्करला होता. विल्हेल्म यांचे पुत्र कार्ल लीबक्नेख्त यांनी २ डिसेंबर १९१४ रोजी दुसऱ्या प्रस्तावाच्या वेळी संसदेत विरोधी मत दिले. संपूर्ण सभागृहात ते एकटेच होते.

फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि बेल्जियमच्या समाजवादी पक्षांनीही आपापल्या सरकारांची पाठराखण केली. सर्बियाचे समाजवादी आणि रशियन दूमातील बोल्शेविक व मेन्शेविक प्रतिनिधी हे ठळक अपवाद. जर्मन पक्षाच्या मुखपत्रातील वृत्त वाचून लेनिनला तो अंकच बनावट वाटला होता, असे सांगतात.

झिमरवाल्ड : युद्धविरोधकांतील तीन वाटा

सप्टेंबर १९१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झिमरवाल्ड या खेड्यात युद्धविरोधी समाजवाद्यांची परिषद झाली. प्रतिनिधी होते अवघे ३८. पहिल्या इंटरनॅशनलला अर्धशतक लोटल्यावरही जगातले सारे आंतरराष्ट्रीयवादी चार घोडागाड्यांत मावतात, अशी थट्टा तिथे झाल्याचे ट्रॉट्स्कीने लिहून ठेवले आहे.

युद्धाकडे पाहण्याच्या तीन मार्क्सवादी वाटा या काळात स्पष्ट झाल्या. कार्ल काउट्स्कीच्या मते युद्ध हे भांडवलशाहीचे अटळ फळ नव्हते. बड्या सत्ता उद्या आपसांत समझोता करून जगाचे संयुक्त शोषणही करू शकतील. म्हणून तातडीचे उद्दिष्ट वाटाघाटींची शांतता. लेनिनला हे अमान्य होते. जगाची वाटणी पूर्ण झाल्यावर फेरवाटणी बळानेच होते, हा त्याने १९१६ मध्ये झुरिकला लिहिलेल्या साम्राज्यवादावरील पुस्तिकेचा गाभा. समझोते म्हणजे दोन युद्धांमधला विराम. म्हणून प्रत्येक देशातील कामगारांनी स्वतःच्या सरकारचा पराभव पत्करून साम्राज्यवादी युद्धाचे यादवी युद्धात रूपांतर करावे, हा त्याचा निष्कर्ष. तिसरी वाट रोझा लक्झेम्बुर्गची. साम्राज्यवादाच्या युगात राष्ट्रीय बचावाची युद्धे उरलेलीच नाहीत, असे तिने तुरुंगातून लिहिले. लेनिनने येथे तिच्याशी मतभेद नोंदविला. वसाहतींतील जनतेची मुक्तियुद्धे संभवतात आणि ती न्याय्य असतात, हे त्याचे म्हणणे. आशियातील क्रांतिकारकांना लेनिन जवळचा का वाटला, याचे एक उत्तर या मतभेदात सापडते.

ब्रेस्ट-लिटोव्हस्क : शांततेचा कडू घोट

मार्च १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या महिला कामगारांच्या संपातून रशियन क्रांतीची ठिणगी पडली. नोव्हेंबरमध्ये बोल्शेविक सत्तेवर आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी शांततेचा हुकूमनामा काढला. प्रदेश न बळकावता, खंडणी न लादता तातडीने तह करावा, असे आवाहन सर्व युद्धमान राष्ट्रांना करण्यात आले. पण जर्मनीत अपेक्षित क्रांती झाली नाही आणि ब्रेस्ट-लिटोव्हस्क येथे जर्मन सेनापतींशीच वाटाघाटी करण्याची पाळी आली.

पक्षात पुन्हा तीन मते पडली. जर्मन साम्राज्यवादाशी तह हा युरोपीय कामगारांचा विश्वासघात असून क्रांतिकारी युद्ध पुकारावे, असे बुखारिनचे मत. तहावर सही करायची नाही आणि लढायचेही नाही, ही ट्रॉट्स्कीची ‘ना युद्ध, ना शांतता’ भूमिका. लढायला सैन्यच उरलेले नाही, तेव्हा अपमानकारक अटी मान्य करून श्वास घ्यायला उसंत मिळवावी, हा लेनिनचा आग्रह. सुरुवातीला लेनिन अल्पमतात होता. १८ फेब्रुवारी १९१८ रोजी जर्मन फौजांनी चढाई सुरू केली आणि त्या जवळजवळ विनाअडथळा पुढे सरकल्या. २३ फेब्रुवारीला राजीनाम्याची धमकी देऊन लेनिनने मध्यवर्ती समितीत तह संमत करून घेतला. मते पडली बाजूने ७, विरोधात ४. उरलेले ४ तटस्थ राहिले.

३ मार्च रोजी झालेल्या तहाने रशियाने पोलंड, बाल्टिक प्रदेश, फिनलंड आणि युक्रेनवरील हक्क सोडला. जुन्या साम्राज्याची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या त्यात गेली. सत्तेतील भागीदार असलेले डावे सोशालिस्ट रिव्होल्युशनरी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये जर्मनी शरण गेल्यावर हा तह रद्द झाला आणि लेनिनचा अंदाज बरोबर निघाला, असे म्हटले गेले. परंतु प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. या तहामुळे जर्मन साम्राज्यवादालाच बळ मिळते, अशी टीका लक्झेम्बुर्गने तुरुंगातून केली. दोष मात्र तिने प्रामुख्याने जर्मन कामगारांच्या निष्क्रियतेला दिला. क्रांतीचे हित आणि क्रांतीतून जन्मलेल्या राज्याचे हित या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, ही शंका ब्रेस्टमध्ये प्रथम उभी राहिली. ती नंतर कधीच पूर्णपणे मिटली नाही.

मुंबई : साम्राज्यवादी युद्ध ते लोकयुद्ध

या शंकेची झळ महाराष्ट्राला दुसऱ्या महायुद्धात बसली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सप्टेंबर १९३९ मध्ये भारतीयांना न विचारता देशाला युद्धात ओढले. २ ऑक्टोबर रोजी मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धविरोधी संप केला. हे साम्राज्यवादी युद्ध आहे, ही कम्युनिस्टांची भूमिका तेव्हा लेनिनच्या मांडणीशी आणि देशातील जनभावनेशी मिळतीजुळती होती. श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे आदी नेते राजस्थानातील देवळी छावणीत स्थानबद्ध झाले. याच काळात मानवेंद्रनाथ रॉय यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. फॅसिझमचा पराभव ही पहिली गरज असून ब्रिटिश साम्राज्य या युद्धातून दुबळे होऊनच बाहेर पडेल, हे त्यांचे म्हणणे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे महाराष्ट्रातील विचारवंत रॉय यांच्यासोबत होते.

हिटलरने २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत युनियनवर आक्रमण केले. कम्युनिस्ट पक्षात काही महिने खल झाला आणि डिसेंबर १९४१ मध्ये तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरले. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली. ‘लोकयुद्ध’ याच नावाने पक्षाचे मराठी साप्ताहिक निघू लागले. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव मतास टाकला गेला, तेव्हा विरोधात १३ मते पडली, त्यांत कम्युनिस्ट सदस्य प्रमुख होते.

या भूमिकेचा युक्तिवाद दुर्लक्षण्याजोगा नव्हता. सोव्हिएत युनियन कोसळले असते तर फॅसिझमला रोखणार कोण, हा प्रश्न खराच होता. स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णाभाऊ साठे यांनी रचलेला पोवाडा गिरणगावात गाजला, तो काही पक्षादेशाने नव्हे. बंगालच्या दुष्काळात कार्यकर्त्यांनी मदतकार्य केले आणि पक्ष वाढलाही. मे १९४३ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या अधिवेशनाच्या वेळी सदस्यसंख्या सुमारे १५ हजारांवर पोहोचली होती. परंतु ज्या सामान्य माणसाचा भाऊ वा मुलगा ‘बेचाळीस’च्या लढ्यात तुरुंगात होता, त्याला हे गणित पटणे शक्य नव्हते. युद्धाचे जागतिक स्वरूप बदलले तरी भारतातील राज्यकर्ता तोच होता. १८७० च्या मार्क्सप्रमाणे एकाच युद्धाच्या दोन बाजू वेगवेगळ्या जोखणे येथे जमले नाही. साताऱ्यात प्रतिसरकार उभारणारे क्रांतिसिंह नाना पाटील पुढे १९५७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून साताऱ्यातूनच निवडून आले, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग. ‘बेचाळीस’चा ठपका मात्र पक्षावरून पुसला गेला नाही.

फेब्रुवारी १९४६ मधील नौसैनिकांच्या उठावात पक्षाने ती पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न केला. ‘तलवार’वर १८ फेब्रुवारीला ठिणगी पडली. २२ तारखेला पक्षाच्या हाकेवरून गिरण्या बंद झाल्या. पोलीस आणि लष्कराच्या गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक नागरिकांचा बळी गेला. सैनिक आणि कामगार एकत्र येण्याचे क्रांतिकारी चित्र काही दिवस दिसले. काँग्रेस व मुस्लिम लीगच्या नेत्यांनी शरणागतीचा सल्ला दिला आणि उठाव संपला.

समाजवादी देशच लढू लागले तर?

महायुद्धानंतर अण्वस्त्रांनी जुनी मांडणी अपुरी ठरविली. अण्वस्त्रबंदीसाठी १९५० चे स्टॉकहोम आवाहन निघाले. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने युद्ध अटळ नसल्याचे सांगून शांततामय सहजीवनाचे सूत्र पुढे केले. माओच्या चीनला त्यात क्रांतीशी तडजोड दिसली. मात्र त्याच १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि शांततेची ही भाषा किती निवडक आहे, असा सवाल विरोधक करू लागले.

खरा धक्का पुढे बसला. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामच्या फौजा कंबोडियात घुसल्या आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामवर चढाई केली. भांडवलशाही गेली की युद्धे जातील, या गृहीतकाला याहून मोठे आव्हान असू शकत नव्हते. बेनेडिक्ट अँडरसन यांना राष्ट्रवादावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहावासा वाटला, तो याच युद्धांमुळे. भारतात १९६२ च्या चीन युद्धाने हाच पेच घराच्या उंबऱ्यावर आणला. डांगे यांच्या नेतृत्वाखालील पक्षाने सरकारच्या संरक्षणप्रयत्नांना पाठिंबा दिला, डाव्या गटाच्या अनेक नेत्यांना अटक झाली आणि आधीच धुमसत असलेल्या मतभेदांतून १९६४ मध्ये पक्ष दुभंगला.

प्रश्न अजून शिल्लक

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर जगभरातील डाव्यांत जे तट पडले, ते पाहता हा इतिहास जुना झालेला नाही. रशियाच्या कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सरकारची पाठराखण केली. ग्रीसच्या कम्युनिस्ट पक्षाने हे दोन्ही बाजूंनी साम्राज्यवादी युद्ध असल्याचे म्हटले. युरोपातील काही डाव्यांना युक्रेनचा प्रतिकार हे न्याय्य राष्ट्रीय बचावाचे युद्ध वाटले. तिघांचेही दाखले लेनिनपर्यंत पोहोचतात. आक्रमणाच्या तीन दिवस आधी व्लादिमीर पुतिन यांनी केलेल्या भाषणात आधुनिक युक्रेनच्या निर्मितीबद्दल दोष दिला गेला, तोही लेनिनलाच.

मार्क्सवादी परंपरेचे बळ तिच्या प्रश्नात आहे. ध्वज आणि घोषणा बाजूला सारून युद्धामागचे हितसंबंध तपासण्याची सवय तिने जगाला लावली. हाच प्रश्न स्वतःच्या पक्षाला, स्वतःच्या राज्याला किंवा दूरच्या ‘आदर्श’ राज्याला विचारण्याची वेळ आली, तेव्हा तो अनेकदा गिळून टाकला गेला, ही तिची दुर्बलता. ४ ऑगस्टच्या आदल्या दिवशी बंद दाराआड विरोध करणारे चौदा जण होते. खुल्या सभागृहात एक मत पडायला आणखी चार महिने लागले.

दृष्टिक्षेपात

१८७० : फ्रान्स-प्रशिया युद्धावर मार्क्सची दोन निवेदने
१८७१ : पॅरिस कम्यून
१९०७ : श्टुटगार्ट अधिवेशन, मादाम कामा यांनी भारताचा ध्वज फडकविला
१९१४ : जर्मन समाजवाद्यांचा युद्धखर्चाला पाठिंबा, दुसऱ्या इंटरनॅशनलची अखेर
१९१५ : झिमरवाल्ड परिषद
१९१८ : ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह
१९३९ : मुंबईतील कामगारांचा युद्धविरोधी संप
१९४१-४२ : ‘लोकयुद्धा’ची भूमिका आणि ‘भारत छोडो’ला विरोध
१९४६ : नौसैनिकांचा उठाव
१९६४ : भारतीय कम्युनिस्ट पक्षात फूट
१९७९ : चीन-व्हिएतनाम युद्ध